किम्बर्ली क्रूझ: सूट कुठला ते नंतर बघू, आधी तिथी आणि बाबांचा गुडघा

प्रश्न मोठा होता म्हणून आधी थोडक्यात लिहितो. तुमच्या आईबाबांच्या लग्नाला सप्टेंबरमध्ये ४० वर्षं होतायत, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरची ब्रूम ते डार्विन अशी किम्बर्लीची लक्झरी एक्स्पिडिशन क्रूझ गिफ्ट द्यायचीय. आई ६६, बाबा ७१, बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, दोघं शाकाहारी. ब्रोशर मागवलेत आणि तुमचा प्रश्न असा की यातल्या कुठल्या जहाजाचा सूट (म्हणजे मोठी आलिशान केबिन) सगळ्यात भारी.

मी अशाच छोट्या एक्स्पिडिशन जहाजांवर डेक ऑफिसर आहे, मूळ गुहागरकडचा, किम्बर्लीत बरेच सीझन काढलेत. त्यामुळे माझं उत्तर ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, दिसतं तसं आहे, ट्रॅव्हल एजंटचं वेगळं असेल. आणि खरं सांगायचं तर सूट हा तुमचा प्रश्नच नाहीये. या भावाच्या जहाजांवर (माणशी रात्रीला हजार ऑस्ट्रेलियन डॉलर हा तळ समजा, वर कितीही) पलंग, बाथरूम, बाल्कनी, जेवण हे सगळीकडे उत्तमच असतं, त्यात उन्नीस-बीस. आणि किम्बर्लीत माणूस केबिनमध्ये थांबतो कुठे, पहाटे सहाला पहिली बोट सुटते, दुपारी दुसरी, रात्री नऊला सगळे आडवे. खरा प्रश्न दोन तुकड्यांत आहे: बाबा दिवसातून दोनदा रबरी बोटीत चढू-उतरू शकतील का, आणि तुम्ही जी तारीख घेताय त्या तारखेला समुद्र तिथे काय करत असेल. यावर सगळं अवलंबून आहे, ही दोन जमली तर साध्या केबिनमध्येही पैसे वसूल.

आधी जागा समजून घ्या. किम्बर्ली हा महाराष्ट्रापेक्षा मोठा प्रदेश आणि वस्ती सगळी मिळून चाळीस हजारांच्या आतबाहेर. ब्रूम सोडलं की डार्विन येईपर्यंत किनाऱ्यावर बंदर म्हणावं असं जवळजवळ काही नाही, जेट्टी नाही, बाजार नाही, मोबाइलला रेंज नाही. लाल वालुकाश्माचे कडे, खारफुटी, हजारो बेटं. काही भागांचा तर समुद्राचा तळ अजून नीट मोजलेला नाही, चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) तशी नोंदच असते, म्हणून कॅप्टन लोक ठरलेल्या रेषेवरून हलत नाहीत. तर इथे "जहाज धक्क्याला लागलं आणि आपण उतरून फिरून आलो" असला प्रकार नाही. जे काही बघायचं ते जहाज नांगरून छोट्या बोटीने जाऊन बघायचं.

आता भरती-ओहोटी. आपल्याकडे मुंबईला मोठ्यात मोठी भरती पाच मीटरच्या आसपास म्हणजे पेपरात बातमी येते. ब्रूमला उधाणाला दहा मीटरपर्यंत फरक पडतो, आणि डर्बी, कॉलियर बे या पट्ट्यात अकराच्याही वर जातो. म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत येतं आणि पुढच्या सहा तासांत जातं, दिवसातून दोनदा. तुम्ही ब्रोशरमध्ये बघताय ती अर्धी दृश्यं याच पाण्याची करामत आहे आणि ती कुठल्याही दिवशी सारखी दिसत नाहीत. एजंट हे सांगत नाही कारण बहुतेकांना माहीतच नसतं.

टॉल्बॉट बेमधला हॉरिझॉन्टल फॉल्स घ्या, तिथले मूळ लोक, दाम्बिमंगारी, त्याला गारानगद्दिम म्हणतात. डोंगराच्या दोन समांतर रांगा, प्रत्येकीत एक अरुंद फट. बाहेर भरती चढते पण फटीतून तेवढ्या वेगाने पाणी आत जाऊ शकत नाही, मग बाहेरची पातळी वर आणि आतली खाली, मधला फरक चार मीटरपर्यंत जातो आणि पाणी आडवं कोसळायला लागतं. ओहोटीला हेच उलट्या दिशेने. उधाणाला हे बघताना माणूस गप्प होतो पण तेव्हा बोट फटीत घालत नाहीत, लांबूनच बघायचं. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) पाणी तुलनेने शांत, रुंद फटीतून नेतात काही वेळा, पण मग त्याला धबधबा म्हणायला जीभ रेटत नाही. २०२२ मध्ये तिथे एका टूर बोटीचा अपघात होऊन बरेच प्रवासी जखमी झाले, आणि तिथल्या मूळ लोकांनाही त्या जागेतून बोटी हाकलेल्या नकोच होत्या, त्यामुळे मार्च २०२८ नंतर फटींमधून बोटी न्यायच्या नाहीत असं तिथल्या सरकारने जाहीर केलं होतं. जुने व्हिडिओ बघून "आम्हाला मधून नेलं नाही" म्हणून भांडणारे पाहुणे मी पाहिलेत, तुम्ही आईबाबांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं माँटगोमेरी रीफ. हे मात्र मी कितीही वेळा गेलो तरी ब्रिजवरून खाली उतरून बघतो, ड्यूटी नसेल तर. जवळपास चारशे चौरस किलोमीटरचा प्रवाळाचा पठारासारखा भाग, भरतीला पूर्ण पाण्याखाली, तिथे काही आहे असं वाटतच नाही. ओहोटी लागली की आधी पाण्याचा रंग बदलतो, मग एक तपकिरी कड दिसते, आणि अर्ध्या तासात ती कड तुमच्या बोटीपेक्षा उंच होते आणि तिच्यावरून शेकडो छोटे धबधबे दोन्ही बाजूंनी खाली पडायला लागतात. मधल्या खाडीतून बोट हळू चालवायची, कासवं डोकं वर काढून श्वास घेऊन परत जातात, बगळे कडेवर उभे राहून अडकलेले मासे टिपतात. रीफ वर येत नाही, समुद्र खाली जातो, पण डोळ्यांना ते पटत नाही. हे उधाणाला जितकं दिसतं त्याच्या निम्मंही भांगाला दिसत नाही.

म्हणून म्हणतो, कालनिर्णय काढा. गंमत नाही करत. पौर्णिमा किंवा अमावस्या झाल्यावर साधारण दोन दिवसांनी तिथे सगळ्यात मोठं उधाण असतं, आणि अष्टमी उलटली की भांग. पण नुसती निघायची तारीख बघून चालणार नाही, दिशा पण बघावी लागते. टॉल्बॉट बे आणि माँटगोमेरी ही दोन्ही ब्रूमच्या बाजूला आहेत, त्यामुळे ब्रूमहून निघालात तर तुम्ही तिथे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात पोचता आणि डार्विनहून निघालात तर शेवटी शेवटी. दहा रात्रींची सफर म्हणजे मध्ये उधाणाचं भांग होऊन जातं. तर ब्रूमहून निघणार असाल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास निघणारी फेरी, डार्विनहून निघणार असाल तर त्याआधी साधारण आठवडाभर निघणारी, असा हिशोब लावा. अजून एक बारकावा, उधाणाच्या दिवसांत ब्रूमकडे ओहोटीचा तळ पहाटे आणि संध्याकाळी येतो, म्हणजे माँटगोमेरीला उजेड असताना जायचं तर खूप लवकर उठावं लागेल नाहीतर दुपार उलटल्यावर. कुठलीही कंपनी वेळापत्रकात हे लिहित नाही कारण ते जागेवर ठरतं, एक्स्पिडिशन लीडर आणि कॅप्टन आदल्या रात्री टाइड टेबल घेऊन बसतात. "रोजचा कार्यक्रम बदलू शकतो" हे जे बारीक अक्षरात असतं ना, त्याचा अर्थ हा.

मग महिना. सप्टेंबर म्हणताय कारण लग्नाचा वाढदिवस. तिकडे सीझन ढोबळमानाने मे ते सप्टेंबर, पुढे ऑक्टोबरपर्यंत ताणतात काही जण, बाकी पावसाळा आणि चक्रीवादळं. पावसाळा एप्रिलपर्यंत संपतो, म्हणजे मे-जूनमध्ये धबधबे भरात असतात. किंग जॉर्ज फॉल्स, ऐंशी मीटरचे जुळे धबधबे, मेमध्ये त्यांच्या खाली झोडियाक (तीच रबरी बोट) नेली तर तुषारांनी माणूस भिजून निघतो, आणि सप्टेंबरला त्याच कड्यावरून एखादी ओली रेघ उतरत असते. कडे तेव्हाही भव्यच असतात, नाही म्हणत नाही. पण ब्रोशरवरचा फोटो मेमधला असतो हे धरून चाला. जुलै ते सप्टेंबर याची जमेची बाजू म्हणजे हंपबॅक व्हेल, त्या अंटार्क्टिकाकडून वर येतात आणि कॅम्डन साउंडमध्ये पिल्लं देतात, ऑगस्टमध्ये ब्रिजवर उभं राहिलं की फवारे मोजायचा कंटाळा येतो. उन्हाचं म्हणाल तर मे ते जुलै दिवसा तिशीच्या आसपास आणि संध्याकाळी छान, सप्टेंबर सरता सरता उकाडा आणि दमटपणा दोन्ही वाढतात. पुण्यातल्या माणसांना, त्यात ७१ वर्षांच्या, मी सप्टेंबर सुचवणार नाही. वाढदिवस सप्टेंबरला घरी साजरा करा आणि पाठवा जूनमध्ये. व्हेल बघायच्याच असतील तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा, धबधब्यांवर थोडं पाणी सोडून.

आता गुडघा. झोडियाक म्हणजे हवा भरलेली जाड रबराची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, दोन्ही बाजूंच्या फुगीर काठांवर मिळून साधारण दहा जण बसतात, पाठ टेकायला काही नाही. जहाजाच्या मागच्या बाजूला पाण्यालगत प्लॅटफॉर्म असतो, तिथवर जिन्याने उतरून यायचं. खलाशी हात पुढे करतो, तेव्हा त्याचा पंजा धरायचा नाही, त्याचं मनगट धरायचं आणि तो तुमचं मनगट धरतो, कारण सनस्क्रीन आणि घामाने पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, ती वर आली की तो सांगतो, तेव्हा एक पाय रबरी काठावर, दुसरा आतल्या पायरीवर, आणि लगेच बूड टेकून सरकत पुढे. यात जोर लागत नाही पण सांगितलेल्या क्षणी पाय टाकावा लागतो. ज्यांचा गुडघा दुखतो ते नेमके त्या क्षणी थबकतात, आणि तोवर बोट खाली गेलेली असते. मी उभा असतो तेव्हा माणूस किती म्हातारा आहे हे मी बघत नाही, तो थबकतोय का ते बघतो. ऐंशीच्या आज्या टुणकन उतरलेल्या पाहिल्यात आणि पन्नाशीचे जिमवाले अडलेले पण.

उतरणं अजून वेगळं. काही ठिकाणी कोरड्या खडकावर पाय टाकता येतो, पण बिग्गी आयलंडसारख्या जागी बोट वाळूला लावतात, काठावर बसून दोन्ही पाय बाहेर वळवायचे आणि घोटाभर-पोटरीभर पाण्यात उतरायचं. मग वाळूतून चालत, खडकांच्या कपारीत वांजिना चित्रं आहेत तिथपर्यंत, मोठे डोळे, तोंड नाही, पाऊस आणणाऱ्या शक्ती मानतात त्यांना तिथले वुनांबल गांबेरा लोक, आणि ही त्यांच्यासाठी आजही पवित्र जागा आहे त्यामुळे ते सांगतील तसंच वागायचं, फोटो काढण्याआधी विचारायचं. जार आयलंडवरची ग्वियन नावाच्या शैलीतली जुनी चित्रं बघायला तर खडकांवरून बऱ्यापैकी चढउतार आहे, तिथे बाबांनी हट्ट करू नये, खाली बोटीतून किनाऱ्याची चक्कर असते ती घ्यावी. आणि हो, पोहणं अजिबात नाही, कितीही निळंशार दिसलं तरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि जेलीफिशही आहेत. उतरायच्या आधी आमचा माणूस किनारा बघून घेतो आणि लोक वाळूवर असेपर्यंत नजर ठेवतो.

घरबसल्या परीक्षा घ्यायची असेल तर बाबांना गेटवेवरून एलिफंटाच्या लाँचने नेऊन आणा. लाँचमध्ये चढताना, दोन लाँच शेजारी लागल्या असतील तर एकीतून दुसरीत जाताना, उतरताना ते कसे वावरतात ते बघा, आणि वर लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या न थांबता होतात का तेही. त्यांना हात न देता फक्त मागे उभे राहा. हे आरामात जमलं तर किम्बर्ली जमेल. दर दोन पावलांना "अरे धर धर" व्हायला लागलं तर विचार करा.

आणि इथे जहाजाची निवड खरोखर महत्त्वाची ठरते, पण सूटमुळे नाही. सगळी जहाजं झोडियाकच वापरतात असं नाही. उदाहरणार्थ कोरल ॲडव्हेंचरर, १२० प्रवासी, त्यावर दोन मोठ्या ॲल्युमिनियमच्या टेंडर बोटी आहेत ज्यात माणसं डेकच्या लेव्हललाच चालत जाऊन खुर्चीवर बसतात आणि मग अख्खी बोट पाण्यात उतरवतात. गुडघेवाल्यांसाठी याच्यासारखं सुख नाही. झगमगाट कमी आहे, बटलर नाही, पण तुमच्या बाबांसाठी मी हेच आधी बघेन. ट्रू नॉर्थ म्हणून एक आहे, फक्त ३६ प्रवासी, वर हेलिकॉप्टर, लहान असल्यामुळे नदीत आतपर्यंत जाते, पण ती मासेमारी-हायकिंगवाल्या उत्साही लोकांची बोट आहे आणि भाव डोळे पांढरे करणारा. सीबोर्न पर्सूटसारखी २६४ प्रवाशांची जहाजं ऐषारामात वरचढ, पण माणसं जास्त म्हणजे गट पाडून सोडावे लागतात. ओहोटी काही दुसऱ्या गटासाठी थांबत नाही, पहिला गट धबधबे बघून येतो तेव्हा दुसऱ्याच्या वाट्याला कधी कधी चिखल आणि पाणथळ येतं. कंपनीला ईमेल करून दोनच गोष्टी विचारा: सगळे पाहुणे एकाच वेळी बोटीत बसू शकतात का, आणि नसतील तर किती गट पाडता. जाहिरातीतल्या पाणबुडीला भुलू नका, या पट्ट्यात भरतीने पाणी एवढं ढवळलेलं असतं की तिचा इथे फारसा उपयोग नाही.

हेलिकॉप्टरचं मात्र ऐका. मिचेल फॉल्सला, पुनामी-उनपू म्हणतात तिथले लोक, जहाजावरून किंवा किनाऱ्यावरून हेलिकॉप्टरने नेतात, बहुतेक ठिकाणी पैसे वेगळे. सूटमधून एक पायरी खाली या आणि ते पैसे यात घाला. बाबांना कमी चालावं लागेल आणि वरून या प्रदेशाचा जो पसारा दिसतो तो बोटीतून कळत नाही.

तब्येतीचं स्पष्ट लिहितो. जहाजावर डॉक्टर असतो, बेसिक सोय असते, पण हार्टचं वगैरे काही झालं तर जवळचं मोठं हॉस्पिटल डार्विन, आणि तिथवर हेलिकॉप्टर नाहीतर विमान. म्हणून इन्शुरन्समध्ये मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का ते पॉलिसी उघडून वाचा, एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणाला यावर जाऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या हॅन्डबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि आठवडाभर जास्तीच्या. व्हिसासाठी ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा लागेलच, फक्त काही फेऱ्या इंडोनेशियाला पण जाऊन येतात, तशी घेतलीत तर मल्टिपल एन्ट्री मागायला विसरू नका.

जेवण. शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच लेखी द्या, कांदा-लसूण चालतं की नाही तेही, कारण सगळा माल ब्रूम किंवा डार्विनला भरला की मध्ये दुकान नाही. तशी या जहाजांच्या किचनमध्ये आपल्याकडचा, गोव्याचा किंवा मंगळूरचा, कुणीतरी असतोच बऱ्याचदा, आईंनी दुसऱ्या दिवशी ओळख काढली की वरण-भात कुठूनतरी येतोच. घरून खाऊ न्यायचा असेल तर ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर, जवळ जे असेल ते सगळं डिक्लेअर करा. तिथे दंड तगडा आहे आणि कुत्रे फार हुशार. डिक्लेअर केल्यावर काढून घेतलं तर घेऊ द्या, दंड होत नाही.

एलिफंटाच्या परीक्षेत गुडघा नापास झाला तरी किम्बर्ली रद्द करायची गरज नाही. ब्रूमला चार-पाच दिवस चांगल्या हॉटेलात राहायचं, केबल बीच, मोत्यांच्या धंद्याचा इतिहास, आणि पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला चिखलाच्या थरांवर चांदणं पायऱ्यांसारखं पडतं ते बघायचं. हॉरिझॉन्टल फॉल्सला एक दिवस सीप्लेनने जाऊन यायचं, पाण्यावर उतरतं ते, चढउतार बराच कमी. क्रूझच्या तुलनेत खर्च खूपच कमी होतो.

तुमच्याकडे ज्या दोन-तीन फेऱ्या आहेत त्यांच्या निघायच्या तारखा आणि कुठून कुठे ते इथेच खाली लिहा, माँटगोमेरीला तुम्ही कुठल्या तिथीला पोचता ते बघून सांगतो. सध्या पोर्टवर आहे त्यामुळे दोन दिवस नेट नीट आहे, नंतर उत्तराला उशीर होईल.